ढेकरातून उडून जाणारी वैरण

गेल्या वर्षी चैत्रात डेअरीवर माझ्या दुधाची फॅट 2.9 लागली. मशीनवरच्या पोरानं दोनदा नमुना घातला, दोन्ही वेळा तेच. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून काढतात, खाली उतरलं की पॉइंटाला पैसे कापतात. मागे कॅन घेऊन उभी असलेली शेजारीण हळूच म्हणाली, "पाणी जरा जास्त झालं वाटतं." पाण्याचा थेंब नव्हता. उलट त्या महिन्यात मी आंबोणावर, म्हणजे भरडा-पेंडीच्या खुराकावर, कधी नव्हे इतका खर्च केला होता, आणि घोटाळा तिथंच झाला होता.

कडबा महाग झाला म्हणून मी तो आखडला होता आणि भरडा, सरकी पेंड वाढवली होती. एका गाईला दिवसाला सात किलो आंबोण, किलोभर कडबा आणि वीस किलो पाणचट हत्ती गवत. जास्त खुराक, जास्त दूध, असा सरळ हिशेब. दूध चार दिवस वाढलं, मग फॅट बसली, मग एक गाय लंगडायला लागली. डॉक्टर आले, गव्हाण बघितली आणि गाईला हात लावायच्या आधी मलाच बोलले.

मी फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात राहते. गोठा बावीस वर्षांचा. आज दावणीला सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, दोन पंढरपुरी म्हशी आणि एक म्हातारी खिलार आहे. खाली जे लिहिते ते पाच-दहा जनावरं असलेल्यांसाठी आहे. शंभर गाईंच्या गोठ्याला आहारतज्ज्ञ परवडतो, त्यांनी त्याला विचारावं.

आधी टेप आणि काटा

गव्हाणीत काय टाकायचं ते ठरवण्याआधी आपण काय टाकतो ते मोजा. "दोन पाट्या" हे माप नाही. माझ्या एका पाटीत ओलं गवत अकरा किलो बसतं, माझ्या जावेच्या पाटीत सात. भंगारातून आणलेला स्प्रिंगचा काटा गोठ्याच्या आढ्याला टांगलाय, त्यावर आठवडाभर सगळं तोललं. त्या आठवड्यात जे कळलं ते आधीच्या वीस वर्षांत कळलं नव्हतं.

गाईचं वजन शिंप्याच्या टेपनं निघतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. आलेला आकडा किलोत. माझी चांदणी घेराला 66, लांबीला 58 भरली, म्हणजे साधारण 380 किलो. मी डोळ्यानं साडेचारशे धरून चालले होते.

दुभत्या गाईला तिच्या वजनाच्या तीन टक्के कोरडा चारा लागतो, भरपूर दूध देणारीला थोडा जास्त. कोरडा म्हणजे पाणी वजा केलेला. ओल्या गवतात शंभरातले ऐंशी भाग पाणीच असतं, म्हणजे वीस किलो हत्ती गवत टाकलं तरी पोटात जातं चार किलो. मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) तीस टक्के ऐवज धरा, कडब्यात आणि आंबोणात नव्वद. या कोरड्या वजनात आंबोण एक तृतीयांश, फार तर चाळीस टक्के असावं, बाकी वैरण. माझ्या त्या चैत्रातल्या आहारात ते निम्म्याच्या वर गेलं होतं. कागदावर मांडल्यावर मीच कपाळाला हात लावला.

पोटात काय चालतं

गाय गवत खात नाही, ती गवत आंबवते. कोटीपोट, म्हणजे तिच्या पोटाचा पहिला कप्पा, हा शंभर लिटरच्या वरचा हौदच आहे. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव वैरणीवर काम करतात आणि गाय त्यांनी तयार केलेल्या आम्लांवर जगते. कडबा, गवत अशा तंतूच्या चाऱ्यापासून मुख्यतः अॅसिटिक आम्ल होतं, त्यातून दुधाची फॅट तयार होते. मका, गहू असल्या पिठूळ धान्यातून प्रोपिऑनिक आम्ल जास्त निघतं, त्यातून दुधातली साखर आणि पर्यायानं दुधाचं माप वाढतं. धान्य प्रमाणाबाहेर गेलं की हौद आंबट होतो, तंतू पचवणारे जीव मरतात, फॅट पडते आणि पुढे खुरं सुजतात. माझ्या गोठ्यात झालं ते नेमकं हेच.

आता गॅसचं. तंतू आंबताना हायड्रोजन सुटतो. काही जीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात आणि गाय तो ढेकरातून बाहेर सोडते. शेपटीकडून फार थोडा जातो, लोक उगीच हसतात. खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेचे शंभरातले सहा-सात भाग या ढेकरात उडतात. पैसे मोजून आणलेली वैरण आहे ती. वर हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण 28 पट उष्णता धरतो. हवेत टिकतो मात्र बारा-एक वर्षंच, त्यामुळे आज कमी सोडला तर फरक आपल्याच हयातीत दिसतो. 2019च्या पशुगणनेत देशात 19 कोटींवर गाई-बैल आणि जवळपास 11 कोटी म्हशी मोजल्या गेल्या. माझ्या नऊंनी त्यात काय होणार, असं म्हणायला सोपं आहे. पण दुधाचा पगार तर माझ्याच नऊंवर येतो, म्हणून मी माझ्या गव्हाणीपुरतं बघते.

इथं एक चकवा आहे. धान्यावर मिथेन कमी होतो, कडब्यावर जास्त. हे अर्धंच ऐकलेला म्हणेल, मग धान्यच घाला की. तो चैत्र मी भोगलाय. शिवाय जे माणसाला खाता येतं ते गाईला घालून दूध काढण्यात काय शहाणपण? गाईची कमालच ही की आपल्याला न पचणारं ती पचवते. उत्तर मधे आहे: तंतू हवाच, पण पचेल असा. कडक वाळलेल्या, फुलोरा सरून गेलेल्या वैरणीचा गॅस जास्त आणि दूध कमी. वेळेवर कापलेली वैरण, सोबत शेंगवर्गीय चारा आणि मोजून आंबोण, एवढं जमलं की बरंच जमलं.

आकड्यात सांगते. ढोबळमानानं दर किलो कोरड्या चाऱ्यामागे वीस ग्रॅम मिथेन धरतात. चांदणीला एका हिवाळ्यात मी उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला), कडबा आणि नावाला आंबोण देत होते. ती अकरा किलो कोरडा चारा खायची आणि आठ लिटर द्यायची, म्हणजे लिटरमागे सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम गॅस. आता ती साडेबारा किलो खाते आणि अकरा लिटर देते, लिटरमागे तेवीस. निकस चाऱ्यावर किलोमागचा गॅस वीसच्या वर जातो, म्हणून खरा फरक याहून मोठाच असणार. एकूण गॅस थोडा वाढला हेही लपवत नाही, पण तेवढ्याच दुधासाठी आता कमी गाई लागतात.

तिची आजची गव्हाण: मक्याचा मुरघास 15 किलो, मेथी घास 5 किलो, कडबा कुट्टी साडेतीन किलो, आंबोण सव्वाचार किलो दोन धारांना वाटून, दुभत्या गाईचं खनिज मिश्रण 100 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. आंबोणासाठी ढोबळ नियम असा, की गाईला लिटरमागे 400 ग्रॅम आणि म्हशीला अर्धा किलो. हिरवा चारा हलका असेल तर जिवाला पोसण्यापुरतं किलोभर वर. हा आहार तुमच्या गाईला जसाच्या तसा लावू नका. तुमची गाय टेपनं मोजा.

आणि बदल करताना आठ-दहा दिवस लावा. हौदातले जीव नव्या चाऱ्याला लगेच रुळत नाहीत. आमच्या घरच्या लग्नात पंगतीचा भात उरला, वाया कशाला म्हणून दिरांनी पाटीभर गाईपुढं ओतला. रात्री गाय बसली ती उठेना. डॉक्टरांनी खायचा सोडा दिला, सलाइन लावलं, तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली. त्या वेतात तिचं दूध परत वर आलं नाही. शिळ्या चपात्या, भात, जिलबी असलं काहीही घालताना ओंजळभर हेच माप.

कडबा, पेंढा आणि युरिया

मंगळवेढ्याकडचा शाळूचा कडबा मिळाला तर तो तसाच घाला, फक्त कुट्टी करून. अख्ख्या पेंढीतला तिसरा हिस्सा गाई पायाखाली तुडवतात. युरियाची प्रक्रिया गव्हाच्या काडाला, भाताच्या पेंढ्याला, बाजरीच्या सरमाडाला करायची. तूर, हरभरा, सोयाबीनच्या भुसकटाला तिची गरज नाही, त्यात मुळात प्रथिनं बरी असतात.

शंभर किलो वाळल्या काडाला चार किलो युरिया, 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. काड थराथरानं पसरायचं, झारीनं पाणी शिंपायचं, पायानं दाबायचं, पुढचा थर. वरून प्लास्टिक, कडेला माती, हवा आत जाता कामा नये. एकवीस दिवसांनी उघडायचं. वास नाकात जाईल असा येतो, म्हणून लागेल तेवढंच काढून तासभर हवेवर पसरायचं आणि मग घालायचं. काड पिवळं-तपकिरी आणि मऊ होतं, प्रथिनं तीन-चार टक्क्यांवरून सातच्या आसपास जातात.

सहा महिन्यांखालच्या वासराला हे देऊ नका. युरियाचं पाणी असलेली बादली गोठ्यात एक मिनिटही ठेवू नका, तहानलेलं जनावर तोंड घालतं आणि अर्ध्या तासात खेळ संपतो. नुसता युरिया आंबोणात अंदाजानं मिसळणाऱ्यांना मी हात जोडते.

वाढ्यांचे चार महिने

आमच्याकडे कारखान्यांची धुराडी पेटली की वाढ्यांची रेलचेल. टोळ्यांकडून मोळी स्वस्त मिळते, रस्त्याच्या कडेला गाडीवर मिळते आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत अर्ध्या तालुक्याच्या गाई वाढ्यांवरच जगतात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "वाढ्यानं पोट भरतं, अंग भरत नाही." त्यांना ऑक्झलेट हा शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट बरोबर माहीत होती. वाढ्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवतं, गाईला तो मिळत नाही. मग माजाचा घोळ, गाई उलटणं (भरवूनही गाभण न राहणं), व्यायल्यावर थंड पडून बसणं.

वाढे बंद करा असं मी म्हणणार नाही, ते मिळतात आणि नाहीतर फडात जळतात. एकूण वैरणीच्या निम्म्याच्या आत ठेवा. कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपा: शंभर लिटर पाण्यात एक किलो चुना, रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. कुट्टी रात्रीच भिजवून ठेवली तर सकाळी घालायला तयार. सोबत मेथी घास किंवा शेवरी असावी, आणि खनिज मिश्रण या चार महिन्यांत चुकवायचं नाही. मात्र पहाटे दवानं ओला झालेला कोवळा घास उपाशी गाईपुढं टाकू नका, पोट फुगतं. आधी मूठभर कडबा, मग घास. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीबद्दल तर आमच्याकडचं लहान पोरही सांगेल, जनावर त्यात शिरलं तर किराळ लागते. त्यातलं विष सायनाइडचं असतं, डॉक्टर पोचेपर्यंत वेळ मिळत नाही.

मुरघास

यावर सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. मका दाण्यात चीक घट्ट व्हायला लागला की कापायचा, अर्धा ते एक इंच कुट्टी. मुठीत दाबून बघायची: गोळा राहिला पाहिजे, पाणी टपकता कामा नये. पाणी आलं तर एक दिवस सुकवा, गोळा फुटला तर उशीर झालाय. खड्डा असेल तर ट्रॅक्टर फिरवून दाबा, पिशवी असेल तर पोरांना आत नाचवा. पंचेचाळीस दिवस उघडायचं नाही. उघडल्यावर वास ताकासारखा आंबूस यावा. कुबट आला किंवा पांढरी-निळी बुरशी दिसली तर तो थर उकिरड्यावर, गाईच्या पुढ्यात नाही. एवढा वाया कसा घालवायचा असं वाटतं, मलाही वाटलं होतं. पुढचा भाग त्याचाच आहे.

बुरशी दुधात उतरते

सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका भरडा, पावसात भिजलेला कडबा यांवर एक पिवळी-हिरवी बुरशी धरते आणि अफलाटॉक्सिन बी-1 नावाचं विष सोडते. गाय ते खाते, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि एम-1 म्हणून ते दुधात येतं. खाल्लेल्या विषातला शंभरातला एक ते सहा भाग दुधात उतरतो, आणि जास्त दूध देणाऱ्या गाईत जास्त. उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननं जात नाही, दही लावलं तरी राहतं. यकृताच्या कर्करोगाशी त्याचं नातं आहे, म्हणून दुधात किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा ठेवली आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातले 6,432 नमुने तपासले. भेसळीची सगळे वाट बघत होते. भेसळ फारच थोड्यांत निघाली, पण 368 नमुन्यांत, म्हणजे 5.7 टक्क्यांत, अफलाटॉक्सिन मर्यादेच्या वर होतं. म्हणजे पाणी घालणाऱ्यापेक्षा कुबट पेंड घालणारा मोठा गुन्हेगार, आणि बहुतेकदा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो.

मलाही नव्हता. एका भाद्रपदात पेंडीची आठ पोती भिंतीला टेकून ठेवली होती, खालून ओल चढली. वरचं पोतं फोडलं तेव्हा ठीक होतं. पाचव्यात ढेकळं निघाली. मी ढेकळं फोडून, उन्हात वाळवून घातली, कारण पोत्याचे पैसे डोळ्यासमोर होते. उन्हानं बुरशी मरते, विष मरत नाही, हे नंतर कळलं. त्या दिवसांत घरात नातू आठ महिन्यांचा होता आणि तो हेच दूध पीत होता. त्याला काही झालं नाही. तरी ते पोतं आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तेव्हापासून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणते, स्वस्त मिळाली तरी साठवत नाही. दुकानात पोत्यात हात कोपरापर्यंत घालून बघते: गरम लागलं, ढेकूळ लागलं, वास कुबट आला तर परत. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. मका घरचा असेल तर दाणा दाताखाली कटकन वाजेपर्यंत वाळवायचा, मगच भरडायचा. विष शोषून घेणाऱ्या पुड्या बाजारात मिळतात, त्या थोडी मदत करतात, पण बुरशी धरलेली पेंड खपवायचा परवाना म्हणून त्यांच्याकडे बघू नका. चूक झालीच तर एक दिलासा आहे. ती पेंड थांबवल्यावर तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होत जातं. तेवढे दिवस ते दूध घरातही नको आणि डेअरीलाही नको.

वास, रंग, चव

भाव पडला की आमच्याकडे चिंगळी आणि सडका कांदा जनावरांपुढं ओततात. दुधाला असा वास येतो की चहा प्यायला बसलेला माणूस कप खाली ठेवतो. वास हा लहान प्रश्न. कांद्यानं गाईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी कॉफीसारखी होते. शेळ्या-मेंढ्यांना तो थोडा जास्त सोसतो, गाईला नाही. घालायचाच तर इतर वैरणीत मिसळून अगदी थोडा, आणि धार काढल्यावर. मुरघास आणि मेथी घासही धारेनंतरच घाला, म्हणजे दुधाला त्यांचा वास लागत नाही.

हिरव्या चाऱ्यावरच्या गाईचं तूप पिवळं होतं, ते कॅरोटिनमुळे. नुसत्या कडब्यावर ते फिकट पडतं. म्हैस कॅरोटिनचं जीवनसत्त्व अ करूनच दुधात सोडते, म्हणून तिचं तूप पांढरं. पुण्याहून येणारी गिऱ्हाइकं चैत्र-वैशाखात विचारतात, "काकू, तूप या वेळी पांढरं कसं, भेसळ आहे का?" मी त्यांना गोठा दाखवते. हिरव्या चाऱ्यावरच्या दुधात ओमेगा-3 सारखी चांगली स्निग्धाम्लंही जास्त असतात. मात्र म्हणून दूध म्हणजे औषध, असं सांगून दुप्पट भाव मागायला माझी जीभ धजत नाही.

शेण वाचा

प्रयोगशाळा लांब आहे, शेण पायाशी आहे. शेणाचा पो पडल्यावर दोन-तीन बोटं उंच राहावा, मधे किंचित खळगा. पातळ, फेसाळ, आंबट वासाचं शेण म्हणजे आंबोण जास्त. घट्ट, गोळ्यागोळ्यांचं म्हणजे वैरण निकस किंवा पाणी कमी. महिन्यातून एकदा मूठभर शेण पिठाच्या जुन्या चाळणीत धुऊन बघते. अख्खे दाणे दिसले तर भरडा जाड राहिलाय आणि पैसे वाहून चाललेत. दुपारी गाई निवांत बसल्या की बघा, निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या पाहिजेत. एक घास पन्नास-साठ वेळा चघळला गेला पाहिजे, मी मोजते, पोरं हसतात. पहाटे गोठ्यात शिरताना डोळे चुरचुरले तर प्रथिनं जास्त होतायत. न वापरलेलं नत्र मुताबरोबर अमोनिया होऊन जातं, म्हणजे पेंड पुन्हा हवेत.

ढेकर काही पिशवीत धरता येत नाही, शेणाचा गॅस धरता येतो. ओल्या खड्ड्यात सडणारं शेण मिथेन सोडतंच. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण लागतं, ते चार-पाच गाईंचं होतं, आणि पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर भागतो. आमचा संच मधे दोन वर्षं बंद होता, कारण शेण कालवायला कोणी तयार नव्हतं. आता नळकांड्याला हँडल बसवलंय, नातवाला तो खेळ वाटतो.

पुड्या, शेवाळ आणि बाभळीच्या शेंगा

बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलंय, त्यानं मिथेन 17 ते 20 टक्के घटतो असं संस्था सांगते. युरोपात 3-एनओपी नावाच्या, मिथेन घटवणाऱ्या पूरकाला 2022 मध्ये परवानगी मिळाली. लाल समुद्री शेवाळाचे प्रयोगही गाजतायत. माझं मत सरळ आहे: जिची गव्हाण अजून तोललेली नाही तिनं पुडी विकत घेऊ नये. आठ लिटरच्या गाईला नुसता आहार नीट करून जे मिळतं ते आधी खिशात घाला, पुडीचं मग बघू.

टॅनिनवरून आठवलं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आमच्या रानात उतरतात. शेत मोकळं असेल तर आम्ही मेंढ्या बसवून घेतो, दोन रात्रींत रान खताचं होतं. त्यांच्यातली एक म्हातारी आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडून मेंढ्यांना घालते. त्या शेंगांत टॅनिन भरपूर असतं. तिला मिथेनशी देणंघेणं नाही, शेंगांनी मेंढीचं पोट बांधून राहतं एवढं तिला ठाऊक. परदेशात सोयाबीनसाठी अॅमेझॉनचं जंगल तोडतात म्हणून गाईच्या नावानं बोटं मोडतात, ते तिथं खरं असेल. माझ्या आंबोणातली सोया पेंड लातूरकडची असते. आमचं दुखणं वेगळं आहे, ते पाण्याचं. 2018-19च्या दुष्काळात माण तालुक्यातल्या चारा छावण्यांत जनावरांना अख्खा ऊस घातला गेला. कालव्याचं पाणी पिऊन वाढलेलं पीक, तेही निकस, कॅल्शियम बांधून ठेवणारं. त्यापेक्षा बांधावर शेवरी, दशरथ घास आणि दोन गुंठे नेपियर लावलं तर कमी पाण्यात जास्त पोषण निघतं. जूनमध्ये लावा, ठोंबं शेजाऱ्याकडून फुकट मिळतात.

भाकड गाईचा हिशेब सगळ्यात वाईट. ती खाते, ढेकर देते आणि दूध शून्य. म्हणून व्यायल्यापासून तीन महिन्यांत गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे, आणि ते पुन्हा खनिजांवर आणि आहारावरच येतं. दोन वेतांतलं अंतर अठरा महिन्यांवरून चौदावर आणलं तर लिटरमागचा गॅस बराच वाचतो.

दावणीला मी एक वही टांगली आहे. प्रत्येक जनावराचं पान: वजन, वैरण, दूध, फॅट. शेवटचं पान म्हाताऱ्या खिलारीचं. सासूबाईंनी माहेराहून आणलेल्या गाईची ती नात. सहा वर्षं झाली, दूध नाही, वासरू नाही. तिला रोज सात किलो कडबा आणि उरलेला घास जातो. तिच्या पानावर मी वजन लिहिलंय, वैरण लिहिली आहे. पुढचे दोन रकाने कोरे आहेत, नातू विचारतो तेव्हा त्याला म्हणते, तू शेण कालव.